उताराच्या पोटातली माती

आमच्या कचेरीत तिला सगळे गाळबाई म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण तिला ते माहीत होतं.

"तोंडावर म्हणालात तरी चालेल, काका," ती एकदा मला म्हणाली. "निदान कामावरून पडलेलं नाव आहे. तुम्हाला मागे काय म्हणतात ते सांगू का?"

मी घाईघाईने नको म्हटलं.

तिचं काम जरा समजावून सांगायला हवं. खाण बंद झाली की खड्डा जमेल तेवढा बुजवतात. खाणीतून उपसून बाहेर टाकलेल्या दगडमातीचे ढीग यंत्रांनी सपाट करून त्यांना उतार देतात, वर चांगल्या मातीचा थर पसरतात आणि गवत पेरतात. लांबून पाहिलं तर साधी हिरवी टेकडी दिसते. मग प्रश्न येतो, की ही माती तिथे टिकणार का? दर पावसात किती धुऊन जाणार, आणि खालच्या ओढ्यात किती उतरणार? हा अंदाज बांधायचं काम तिचं. तिने ठीक आहे म्हटल्याशिवाय ती जमीन कोणाच्या ताब्यात देता येत नसे.

माझं काम त्याहून सोपं. ती बाटल्यांत भरून आणायची ते गढूळ पाणी गाळायचं, फिल्टर पेपरवर राहिलेला गाळ ओव्हनमध्ये वाळवायचा आणि वजन लिहून द्यायचं. माझी अर्धी नोकरी चिखल वाळवण्यात गेली असं म्हटलं तरी चालेल. शिवाय जीप मीच चालवायचो, कारण बाईचं गाडी चालवणं पाहिलेल्या माणसाला दुसऱ्यांदा शेजारी बसायची हिंमत होत नसे.

ज्या उताराची ही गोष्ट आहे, तो तिला काही परका नव्हता. तो तिच्या सासऱ्यांनी केला होता.

सासरे खाणीवर डोझर चालवायचे. हाताखालची माणसं आणि बरोबरीचे ड्रायव्हर, सगळे त्यांना इस्त्री म्हणत. पातं जमिनीला असं लावायचे, की मागे एक सुरकुती राहायची नाही. खाण बंद झाल्यावर शेवटचं मोठं काम त्यांच्याकडे आलं ते हा उतार घडवण्याचं. तो पुरा झाला आणि ते निवृत्त झाले. वस्तीतल्या त्यांच्या घराच्या गच्चीवरून तो उतार सरळ समोर दिसायचा. सकाळचा चहा ते तिथेच उभ्याने घ्यायचे. पाहुणे आले की त्यांना आधी गच्चीवर न्यायचे.

"हा आपल्या हातचा," एवढंच म्हणायचे.

सासूबाई खालून ओरडायच्या, "अहो, दाखवून झाला असेल तर पाहुण्यांना जेवायला तरी खाली पाठवा!"

त्या उताराची तपासणी बाईकडे आली, तेव्हा तिने आधीच वर कळवलं होतं, की घरचं माणूस यात गुंतलंय, काम दुसऱ्या कोणाला द्या. वरून उत्तर आलं, की दुसरं कोणी नाही. सासरे मात्र खूश होते. "घरचाच परीक्षक," ते म्हणाले. "पेपर सोपा जाणार."

आणि सुरुवातीला तो सोपाच गेला.

बाई एकाच गोष्टीचा अंदाज तीन वाटांनी घ्यायची. पहिली वाट गणिताची. पाऊस किती जोराचा पडतो, माती कोणत्या जातीची आहे, उतार किती लांब आणि किती उभा आहे, वर गवताचं झाकण किती आहे आणि पाणी अडवायला काय केलंय, या सगळ्यांचा गुणाकार करून वर्षाला किती माती जाईल ते काढायचं. दुसरी वाट लोखंडी सळयांची. उतारावर ठिकठिकाणी बारीक सळया ठोकून ठेवायच्या आणि पावसाळा संपल्यावर प्रत्येक सळई आधीपेक्षा किती उघडी पडली ते मोजायचं. जेवढी उघडी पडली, तेवढी तिथली माती गेली. तिसरी वाट तळ्याची. उताराच्या पायथ्याशी गाळ अडवायला मुद्दाम खोदलेलं तळं होतं. वाहून येणारं पाणी त्यात थांबायचं, गाळ खाली बसायचा आणि निवळलेलं पाणी पुढे ओढ्यात जायचं. होडीत बसून काठीने तळाचा ठाव घेतला की किती गाळ साचला ते समजायचं.

गणित म्हणालं, थोडी माती जाते. सळया म्हणाल्या, बरोबर, थोडीच जाते. तळं मात्र भरत चाललं होतं. गणिताने सांगितलं त्याच्या कितीतरी पट गाळ त्यात बसला होता.

खाण कंपनीचे जमीन-सुधारणेचे साहेब सज्जन गृहस्थ होते. त्यांना लवकरात लवकर जमीन वस्तीच्या ताब्यात द्यायची होती, कारण वस्तीतले गाई पाळणारे लोक रोज त्यांच्या दारात उभे राहत. बाईने आकडे समोर ठेवले तेव्हा ते चष्मा काढून डोळे चोळत म्हणाले, "तळं खोदलं तेव्हाच मोजमाप चुकलं असेल हो. आणि तीनपैकी दोन पद्धती जुळतायत ना? बहुमत झालं."

"माती मतदान करत नाही, साहेब," बाई म्हणाली.

साहेब हसले. पण बाहेर आल्यावर बाईचं तोंड उतरलेलं होतं. जीपमध्ये बसल्यावर तिने मला विचारलं, "काका, मीच कुठे चुकत असेन का?"

"मला काय विचारता?" मी म्हटलं. "मी फक्त वाळवतो."

चूक शोधायची म्हणून तिने सगळं पुन्हा तपासलं. तळ्याचा ठाव पुन्हा घेतला. कडेच्या रस्त्यावरून माती येते का पाहिलं. तळ्यात पाणी आणणाऱ्या चराचे काठ ढासळतात का, म्हणून काठावर रंगाची रेघ मारून ठेवली. पावसानंतर रेघ जशीच्या तशी होती. मग तिने उतारावर वर, मध्ये आणि खाली अशा ठिकाणी पाण्याच्या बाटल्या भरायला सुरुवात केली. एका जोराच्या सरीनंतर त्या बाटल्या माझ्याकडे आल्या. वरच्या बाटल्यांतलं पाणी जवळजवळ स्वच्छ. मधल्याही तशाच. पायथ्याच्या बाटल्या मात्र दुधाचा चहा भरल्यासारख्या.

मी गाळ वाळवून वजनं दिली. ती वजनांकडे बघेचना. फिल्टर पेपर एकेक करून खिडकीपाशी नेऊन बघत राहिली.

"काका, उतारावर वर कुठली माती पसरलीये?"

"लाल. सगळीकडे लालच."

"मग हा गाळ राखाडी का?"

इतकी वर्षं मी गाळ तोलत आलो होतो, रंग कशाला बघतोय? पण तिने सांगितल्यावर दिसलं. लाल मातीच्या उतारावरून राखाडी गाळ खाली येत होता. म्हणजे वरची माती जातच नव्हती. खालची जात होती, आणि वरच्या मातीला पत्ता लागू न देता जात होती.

"सळया कशा सांगतील?" ती म्हणाली. "सळई कातडीवर ठोकलीये. दुखणं पोटात आहे."

पुढच्या पावसात आम्ही पुन्हा गेलो. मी पायथ्याशी छत्री धरून बाटल्या भरत होतो. बाई लाल रेनकोट घालून गवतातून आडवीतिडवी चालत होती. दर थोड्या अंतरावर थांबायची आणि कान लावल्यासारखी वाकायची. मला हसू येत होतं. मग मी एका बाटलीचं बूच लावायला खाली पाहिलं, आणि पुन्हा वर पाहतो तर अर्धाच रेनकोट दिसत होता.

आधी वाटलं, बसली असेल. मग हाक आली.

"काका! सापडलं!"

"काय सापडलं?"

"बीळ! आणि माझा पाय मोडलाय बहुतेक!"

त्या ओल्या उतारावर मी कसा चढलो मला आठवत नाही. जवळ गेलो तसा पायाखाली जमीन दबल्यासारखी वाटली, म्हणून पोटावर झोपलो आणि सरपटत पुढे गेलो. ती काखेपर्यंत आत गेली होती. दोन्ही हातांनी गवताची मुळं धरून ठेवली होती. भोवतालचं गवत इतकं दाट होतं, की एक पाऊल अलीकडे उभं राहिलं तरी भोक दिसलं नसतं. तिच्या खालून पाणी धावत असल्याचा आवाज येत होता, मोठ्या पाइपातून यावा तसा.

तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "जवळ येऊ नका," ती म्हणाली. "कड सुटतेय. जीपमधला दोर आणा, आणि खालच्या केबिनमधल्या पहारेकऱ्याला हाक मारा."

कड खरंच सुटत होती. मी सरपटत मागे फिरलो तेव्हा लाल मातीचा एक मोठा तुकडा तिच्या खांद्यावरून आत गेला आणि ती आणखी थोडी खाली घसरली. पहिल्यांदाच ती किंचाळली. तो आवाज मी विसरलेलो नाही.

पहारेकरी धावत आला. येताना त्याने आपल्या केबिनचं दारच बिजागऱ्यांतून उचकटून आणलं होतं. ते कशाला, असं मी विचारणार होतो, तोवर त्याने ते उतारावर आडवं टाकलं आणि त्यावर झोपून तिच्या काखेतून दोर घातला. दाराने त्याचा भार पेलला. मी दोराचं दुसरं टोक जीपच्या हुकाला बांधलं आणि गाडी अगदी हळू मागे घेतली. ती बाहेर आली तेव्हा कमरेखाली पूर्ण राखाडी झाली होती, आणि उजवं पाऊल जिकडे असायला हवं तिकडे नव्हतं.

जीपमध्ये आडवी झाल्यावर ती दात आवळून म्हणाली, "काका, त्या भोकातलं पाणी एका बाटलीत—"

मी आयुष्यात कधी सहकाऱ्याला शिवी दिलेली नाही. त्या दिवशी दिली. ती गप्प बसली.

तिचा नवरा दवाखान्यात एक्स-रे काढायचा. बायकोचा एक्स-रे त्यालाच काढावा लागला. फिल्म उजेडात धरून त्याने हाडावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "दोन ठिकाणी मोडलाय. एकाच वेळी दोन! तुझं कुठलंच काम अर्धवट नसतं."

सासरे आणि सासूबाई धावत आले. सासूबाईंनी सुनेच्या केसांतला चिखल पुसायला घेतला. सासरे खाटेच्या पायाशी उभे.

"कुठे पडलीस?"

"मोठ्या उतारावर, बाबा. वरच्या टप्प्याच्या खाली."

"तिथे भोक असणं शक्य नाही. ती जागा मी दाबलीये."

"आहे, बाबा. लांबलचक आहे. आतून पाणी वाहतं."

"साळिंदरांनी केलं असेल."

"साळिंदर नाही, बाबा."

"मग तुझ्या त्या सळयांनी केलं असेल! ठिकठिकाणी भोसकून ठेवलंय सगळं." आणि ते बाहेर निघून गेले.

प्लास्टर घालून बाई घरी आली. सासऱ्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. एकाच खोलीत बसायचे, पण बोलायचे सासूबाईंच्या मार्फत. "विचार तिला, चहा घेणार का." सासूबाई एकदोनदा निरोप्याचं काम करून वैतागल्या. "तिला कानाला नाही लागलेलं, पायाला लागलंय," त्या म्हणाल्या. "काय विचारायचं ते तुमचं तुम्ही विचारा." तेव्हापासून सासऱ्यांनी चहाचं विचारणंही सोडलं. गच्चीवर जाणंही त्यांनी बंद केलं होतं.

त्यांच्या घरी मी रोज संध्याकाळी कागद घेऊन जायचो, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. एक दिवस सासरे बाहेरून आले ते चिखलाने माखलेले बूट घालूनच आत. खिशातून रुमाल काढला, त्यात बांधलेलं मातीचं ढेकूळ बाईच्या पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवलं. राखाडी होतं, मुठीएवढं, दगडासारखं टणक.

"हीच ना तुझी माती?" बऱ्याच दिवसांनी ते थेट तिच्याशी बोलले. "तुझ्या भोकाच्या कडेची आहे. हात लावून बघ. हातोडीने फोडावी लागेल. ही पाण्याने वाहून जाते म्हणतेस?"

"तुम्ही भोकापाशी गेला होता? एकटे?" सासूबाई किंचाळल्या.

"दार अजून तिथेच आहे," ते म्हणाले.

बाईने मला दोन काचेचे ग्लास आणायला सांगितलं. सासूबाईंनी पाहुण्यांचे ग्लास द्यायला कुरकुर केली, पण दिले. दोन्हींत स्वच्छ पाणी भरलं. एकात राखाडी ढेकळाचा एक लहान तुकडा सोडला. दुसऱ्यात कुंडीतल्या लाल मातीचा तेवढाच तुकडा.

लाल तुकड्यातून दोनचार बुडबुडे निघाले, तो जरासा भुसभुशीत झाला आणि तळाशी तसाच बसून राहिला. पाणी स्वच्छ. राखाडी तुकड्याभोवती आधी एक दुधाळ कडं उमटलं. कोणी ढवळलं नव्हतं, ग्लासला हात लावला नव्हता. कडं मोठं होत गेलं, धुरासारखं वर चढलं. थोड्या वेळाने तुकडा दिसेनासा झाला आणि सगळा ग्लास गढूळ झाला.

"ही माती कोरडी असते तेव्हा दगड असते, बाबा," बाई हळू म्हणाली. "पाणी लागलं की तिचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत. कुठून तरी एखाद्या भेगेतून पाणी आत शिरतं, ही विरघळल्यासारखी त्याच्याबरोबर निघून जाते. भेगेचं बीळ होतं, बिळाचं भुयार. वर गवत छान असतं. कळत नाही."

सासरे खुर्ची ओढून बसले. सासूबाईंनी त्यांच्या हातात चहा दिला, तो तसाच निवत गेला. ते ग्लासाकडे बघत होते.

"ही मीच ढकलली तिथे," शेवटी ते म्हणाले. "खाली मोठे दगड होते. पात्याला अडकायचे, वर खड्डेखुड्डे राहायचे. ही बाजूलाच पडली होती ढिगाने. मऊ, छान पसरायची. हिचा थर दिला आणि वर लाल माती. त्यामुळे तर इतकं गुळगुळीत झालं ते."

"तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, बाबा."

"सांगितलं असतं तरी ऐकलं असतं का मी?" ते म्हणाले. मग जरा थांबून, "तू त्यात पूर्ण गेली असतीस तर?"

सासूबाई ग्लास उचलून न्यायला आल्या, तर सासरे म्हणाले, "राहू दे. अजून जरा बघतो."

दुसऱ्या दिवसापासून ते माझ्याबरोबर जीपमध्ये यायला लागले. राखाडी माती त्यांनी कुठे कुठे पसरली होती ते आठवून आठवून सांगायचे. आम्ही, म्हणजे मी आणि पहारेकरी, कमरेला दोर बांधून लांब पहारीने जमीन टोचत जायचो. पहार भसकन आत गेली की तिथे खूण. मोठ्या भोकांत बाईने सांगितल्याप्रमाणे रंगीत पाणी ओतायचो आणि ते खाली कुठे निघतं ते बघायचो. सासऱ्यांची आठवण सगळीच बरोबर निघाली असं नाही. एका पट्ट्यात राखाडी मातीच आहे अशी त्यांनी शपथ घेतली होती, तिथे पहार खणकन दगडावर आपटली. आणि जिथे खाली नुसता कातळ आहे म्हणाले, तिथे दुसरं भुयार सापडलं, पहिल्यापेक्षा मोठं. एकदा आम्ही वर हिरवा रंग ओतला आणि तो चार ठिकाणांहून एकदम खाली बाहेर आला. पहारेकरी म्हणाला, "ही टेकडी नाही, चाळण आहे." सासऱ्यांना ते लागलं, पण ते हसले.

संध्याकाळी बाई पलंगावर पाय उंच ठेवून, मांडीवर पाट घेऊन नकाशावर आमच्या खुणा उतरवायची. तळ्यातल्या एकूण गाळातून गवतावरून, म्हणजे पृष्ठभागावरून येणारा गाळ वजा केला की उरतो तो पोटातला. भोकं, त्यांची रुंदी, किती दूरवर जातात, यांवरून आतून किती माती आधीच गेलीये याचाही तिने वेगळा हिशेब बांधला. दोन्ही आकडे जवळपास आले, तेव्हा तिने पहिल्यांदा पेन खाली ठेवून पाय दुखतोय म्हणून सांगितलं.

तिचा अहवाल गेला तो असा: खालचा अर्धा भाग चांगला आहे, तिथे राखाडी माती नाही, वरच्या भुयारांतलं पाणी खालच्या दगडांतून वाट काढून पायथ्याशी निघतं, तो ताब्यात द्या. वरच्या अर्ध्या भागावर माणूस किंवा जनावर जाता कामा नये. तो उघडून दुरुस्त करा.

वस्तीत हे कळलं तेव्हा गोंधळ उडाला. गाई पाळणाऱ्यांची पुढारी एक दूधवाली होती, अंगाने धिप्पाड, आवाज त्याहून मोठा. ती बाईला भेटायला म्हणून घरी आली. प्लास्टर पाहून दारात क्षणभर थबकली, आणि मग भांडायला लागली.

"पाय मोडला ते वाईट झालं," ती म्हणाली. "पण वरचं गवत सगळ्यात चांगलं आहे, आणि तेच तुम्ही बंद केलं. माझ्या गाईंनी काय तुमचा कागद खायचा?"

"गाय माझ्यापेक्षा जड असते," बाई म्हणाली.

"माझी गाय तुमच्यासारखी वेंधळी नाही! बघून पाय टाकते."

"मीही बघूनच टाकला होता हो."

दूधवालीने तिच्या पायाकडे पुन्हा पाहिलं. "किती दिवस बंद ठेवणार?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे काय? तुम्हाला अंदाज बांधायलाच ठेवलंय ना?"

"दुरुस्ती झाल्यावर दोन पावसाळे बघू द्या, मग सांगते. आज सांगितलं तर ते खोटं होईल."

दूधवाली उठली. तिचं समाधान झालेलं नव्हतं आणि झाल्याचं तिने दाखवलंही नाही.

मग वस्तीच्या सभागृहात बैठक झाली. बाई कुबड्या घेऊन आली. साहेबांनी तिचा अहवाल वाचून दाखवला, अगदी प्रामाणिकपणे वाचला, स्वतःला तो कितीही अडचणीचा असला तरी. लोक ऐकेनात. मागून कोणीतरी म्हणालं, की कंपनीला जमीन द्यायचीच नाही, बाई फक्त निमित्त. दुसरा म्हणाला, की वरून तर काहीच दिसत नाही, आम्ही रोज बघतो. मग दूधवालीने सासऱ्यांना गाठलं. ते शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून उभे होते.

"इस्त्री, तुम्ही बोला. उतार तुमचा आहे. इतकी वर्षं कौतुक सांगत होता. चांगला आहे की नाही?"

सगळे वळून पाहायला लागले. बाईनेही मान वळवली. मला तिचे कुबडीवरचे हात दिसत होते, घट्ट आवळलेले.

"दिसायला चांगला आहे," सासरे म्हणाले. "आतून पोकळ आहे. माझ्यामुळेच झालाय. वर नका जाऊ." आणि ते भिंतीला टेकूनच उभे राहिले.

त्यानंतर आरडाओरडा थांबला असं नाही, पण त्याचा जोर गेला. बैठक संपली तेव्हा खालच्या भागाच्या कुंपणाचं फाटक कोणत्या बाजूला हवं यावर लोक भांडत होते.

कोरडे दिवस आल्यावर वरचा उतार उघडला. नव्या डोझरवाल्याने भुयारं कापून मोकळी केली, तेव्हा आतली पोकळी साहेबांनी स्वतः वाकून बघितली. एका भुयारात माणूस वाकून चालू शकला असता. राखाडी मातीत जिप्सम मिसळून ती पुन्हा भरली, कारण जिप्समने तिचे कण एकमेकांना धरून राहतात. वर लाल माती जाड थराने टाकली, आणि या खेपेला गुळगुळीत न करता आडव्या आडव्या ओबडधोबड सऱ्या पाडल्या, म्हणजे पाणी जागोजाग थांबेल. सासरे रोज खुर्ची घेऊन कडेला बसायचे. त्या खडबडीत उताराकडे बघून त्यांचा जीव खालीवर व्हायचा. "झोपेतून उठलेल्या माणसाच्या केसांसारखं दिसतंय," ते म्हणायचे. नव्या डोझरवाल्याने कुठे चुकून सपाट केलं, तर मात्र तेच ओरडायचे, "अरे, इथे ओरबाड! इथे पाणी पळेल!"

बाईचा पाय बरा झाला, तरी पूर्वीसारखा नाही झाला. उतरणीवर ती अजून आडवी पावलं टाकत उतरते. उतारावर जाते तेव्हा हातात पहार असते, आणि पुढे टोचल्याशिवाय ती पाऊल टाकत नाही.

दोन पावसाळ्यांनी तळ्याचा ठाव घेतला. नवा गाळ खूप कमी साचला होता, पण तिच्या गणिताने म्हटलं होतं तितका कमी नाही. एका कोपऱ्यात अजून कुठेतरी पाणी आत शिरत होतं. तिने तसं लिहिलं आणि तो कोपरा बंदच ठेवला. बाकीचा वरचा भाग गाईंना मिळाला. दूधवालीने पहिल्या दिवशी स्वतः पुढे चालून पहारीने जमीन टोचली, आणि मग गाई सोडल्या. त्या बंद कोपऱ्यावरून तिचं आणि बाईचं दर पावसाळ्याच्या शेवटी एकदा कडाक्याचं भांडण होतं. दोघींना त्याची सवय झालीये.

मी आता निवृत्त झालोय. अधूनमधून त्यांच्याकडे जेवायला जातो. गेल्या खेपेला गेलो तेव्हा बाई नुकतीच उतारावरून आली होती. ताटं वाढलेली होती. सासऱ्यांनी हात धुतले, बसले, आणि पहिला घास घेण्याआधी विचारलं, "यंदा किती गेली गं?"

तिने आकडा सांगितला.

"म्हणजे बरा आहे की आता."

"बरा नाही, बाबा," ती म्हणाली. "कमी आहे."

सासऱ्यांनी मान हलवली आणि जेवायला लागले.